सव्वासात फूट

शहाजादीने बाकडं उचलून उजव्या भिंतीला लावलं, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि पुन्हा उचललं. सकाळपासूनची ही तिसरी खेप. डावीकडे लावलं की आत येणाऱ्याच्या गुडघ्याला टेबलाचा कोपरा लागे. मध्ये घेतलं की वाढणाऱ्याला वाट उरत नसे. बाभळीचं बाकडं, तिच्या अंगापेक्षा जड. शेवटी तिने ते फरफटतच नेलं, तसा शहाबादी फरशीवर दात शिवशिवतील असा आवाज झाला.

"अगं, गल्ली जागी करतीस व्हय?" तिचा नवरा गैबी मटणाची पिशवी हातात घेऊन दारात उभा होता. "काल तर लावलंतं की सगळं."

"काल लावलं ते बरं दिसंना."

"खोली हाय तेवढीच हाय. बाकडं फिरवून वाढतीया व्हय?"

पदर खोचून शहाजादीने वीतभर सरकवलेलं बाकडं आणखी चार बोटं सरकवलं.

कोल्हापुरात राजारामपुरीत दवाखान्याची इमारत आणि सायकलचं दुकान यांच्यामध्ये एक बोळ मोकळा राहिला होता. जागेच्या मालकाने त्यावर पत्रा घातला, मागेपुढे भिंती उभ्या केल्या आणि ती खोली खानावळीसाठी गैबीला भाड्याने दिली. त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती. लांबी बावीस फूट, रुंदी सव्वासात. मागच्या भिंतीत एक खिडकी आणि खिडकीच्या पलीकडे स्वयंपाकाची जागा. गिऱ्हाइकाला चूल दिसू नये म्हणून खिडकीपुढे गैबीने पत्र्याचा आडोसा उभा केला होता. त्याच्या डाव्या अंगाने एक माणूस ताट घेऊन जाईल एवढी फट. शहाजादी खिडकीतून ताट द्यायची आणि रिकामं ताट घ्यायची. गिऱ्हाईक असताना पुढे यायचं नाही, ही रीत कुणी लावून दिली ते तिलाही आता आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी ती आली नाही, दुसऱ्या दिवशीही आली नाही, मग तेच होऊन बसलं.

चौदा वर्षं कुणाची तक्रार नव्हती. भाकरी गरम, तांबडा रस्सा झणझणीत, पांढरा बेताचा. माणसं दाटीवाटीने बसत आणि जेवून जात. पण गेल्या दसऱ्याला रस्त्यासमोर नवं भोजनालय उघडलं. तिथे छताला पंखे आणि गुळगुळीत टेबलं. तेव्हापासून नवी माणसं गैबीच्या दारात येत, आत डोकावत आणि माघारी फिरत. एकदा दवाखान्यातल्या कुणा रोग्याचे नातेवाईक आले. त्यातल्या म्हाताऱ्याने उंबऱ्यातूनच विचारलं, "बोगद्यात बसून जेवायचं म्हंता व्हय, पावणं?"

गैबीने हा किस्सा दुपारी हसत हसत सांगितला. शहाजादी हसली नाही. त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नव्हती.

कुलसुम, त्यांची एकुलती एक लेक, इचलकरंजीला नांदायला गेली होती. घरात आवरायला काही उरलं नव्हतं आणि शहाजादीचे हात रिकामे राहायला तयार नव्हते. तिने भिंतींचा गडद हिरवा रंग खरवडून काढला आणि गैबीकडून दुधी रंगाचे दोन हात मारून घेतले. कॅलेंडरं उतरवली. छत्र्या-पिशव्यांच्या खुंट्या उपटल्या. पिवळ्या दिव्याच्या जागी नळीचा दिवा आला. टेबलांची दुहेरी रांग मोडून उजव्या भिंतीला बाकडी आणि त्यांच्यापुढे हातभर रुंदीच्या फळ्या, अशी एकच रांग केली. प्रत्येक वेळी दोन दिवस तिला बरं वाटे. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडू मारताना ती दारात जाऊन उभी राही, अनोळखी माणसासारखी आत बघे, आणि खोली पुन्हा तिच्या अंगावर येई.

"भाभींना सांगा, भिंत तर सरकत न्हाय," फ्रेम-काचेचं दुकान चालवणारा दस्तगीर एकदा जेवताना गैबीमार्फत निरोप देऊन गेला. "आरसा लावा म्हणावं. अख्ख्या डाव्या भिंतीला. केस कापायच्या दुकानात बघा, दोन खुर्च्यांच्या चार दिसत्यात."

कापडाचं एक दुकान बंद पडलं होतं, तिथले दोन मोठे आरसे त्याच्याकडे येऊन पडले होते. शहाजादीला त्या रात्री झोप लागली नाही. पण गैबीने एरवी कधी आणला नव्हता असा आडमुठेपणा आणला.

"आरसा नको."

"का?"

"जेवताना माणसाला आपलं तोंड बघायला बरं वाटत न्हाय."

"तुमाला काय ठावं?"

"न्हाय म्हणलं न्हवं? रंग झाला, दिवा झाला, फळ्या झाल्या. आता पुरं."

रंगाला त्याने असं म्हटलं नव्हतं, फळ्यांना म्हटलं नव्हतं. आरशालाच का, हे तिला कळेना. तीन आठवडे ती त्याच्या मागे लागली. भाकरी थापताना, भांडी घासताना, तो चहा पीत असताना. शेवटी एका सोमवारी, "लाव बाई, काय लावायचं ते लाव," असं म्हणून तो बाहेर निघून गेला आणि दस्तगीर दोन माणसं घेऊन आला.

आरसे लागले तेव्हा शहाजादी दारात उभी होती. भिंत नाहीशी झाली होती. तिच्या जागी आणखी एक खोली, आणखी एक बाकड्यांची रांग, आणखी एक नळीचा दिवा, आणि त्या तिकडच्या खोलीत पदर खोचलेली एक बाई तिच्याकडे बघत उभी होती. शहाजादीने हात वर केला, तिनेही केला.

"आता कसं दिसतंय?" दस्तगीरने विचारलं.

"लगीन लावता यील एवढं," शहाजादी म्हणाली आणि कित्येक दिवसांनी मोकळं हसली.

मंगळवारी दुपारी मात्र तिच्या लक्षात आणखी काही आलं. खिडकीतून ताट पुढे सरकवताना तिची नजर आडोशाच्या फटीतून डाव्या भिंतीवर गेली. चौदा वर्षं तिथे भिंतच दिसायची. आज तिथे माणसं होती. उजव्या भिंतीला टेकून बसलेली सगळी रांग आरशातून तिच्याकडे तोंड करून जेवत होती.

ती बघतच राहिली. आजवर तिची गिऱ्हाइकं म्हणजे परत आलेली ताटं होती. हाड चोखून पांढरं करणारा एक, कांदा न खाणारा एक, भाकरीचा वरचा पापुद्रा काढून ठेवणारा एक. आता त्यांना तोंडं आली. तांबड्याचा ठसका लागून डोळे पुसणारा आणि पुन्हा वाटीच उचलणारा कॉलेजचा मुलगा. हाताला पट्टी बांधलेली एक पोरगी, आणि तिला घास भरवताना आपलंही तोंड उघडणारा तिचा बाप. एक जाडजूड माणूस पहिला घास घेऊन डोळे मिटून क्षणभर तसाच बसला. शहाजादीला वाटलं, हे आपण केलं.

"करपलं!" गैबी खिडकीत ओरडला.

तव्यावरच्या भाकरीतून धूर निघत होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी गर्दी होती. समोरच्या भोजनालयाकडे निघालेली दोन-तीन टोळकी इकडे वळली होती. पोरं आरशात भांग पाडून बसत होती. शहाजादीचे हात चालत होते आणि नजर सारखी फटीकडे जात होती. दीडच्या सुमाराला गैबी खिडकीशी आला आणि त्याने ताट मागितलं. बाकी वेळी तो पदार्थांची नावं मोठ्याने घेई. आता त्याने नुसता हात पुढे केला.

तिने ताट दिलं आणि सवयीने आरशाकडे पाहिलं.

आडोशाला लागून असलेल्या शेवटच्या जागेवर एक माणूस बसला होता. डोक्याला पांढरी टोपी, दाढी जवळजवळ सगळी पिकलेली. त्याने रश्श्याला हात लावण्याआधी भाकरीचे चार तुकडे केले, ते ताटाच्या कडेला मांडले आणि मान डावीकडे किंचित कलती करून पहिला घास चावू लागला. अशी मान कलती करून जेवणारी दोनच माणसं शहाजादीने जन्मात बघितली होती. एक तिची आई. दुसरा तिचा थोरला भाऊ, नबीलाल.

अकरा वर्षांत ती त्याला भेटली नव्हती.

तिच्या हातातली पळी पातेल्याच्या काठाला लागली. आवाज फार मोठा नव्हता. पण तो माणूस चार फुटांवर, पत्र्याच्या पलीकडे बसला होता. त्याने मान वर केली, समोर आरशात बघितलं, आणि तिथे त्याला खिडकीतला तिचा चेहरा दिसला.

दोघंही हलली नाहीत. मग त्याने नजर खाली घेतली. हातातला घास हळूच ताटात ठेवला, ताटातच हात धुतला आणि उठला. गैबी पांढऱ्याची वाटी घेऊन वाटेत उभा होता. त्याच्या अंगाला अंग घासून नबीलाल दाराबाहेर पडला.

तीन वाजता खोली रिकामी झाली. गैबी फळ्या पुसत होता. पुसून झालेली फळीही तो पुन्हा पुसत होता. शहाजादी आडोशाच्या पुढे आली आणि त्या शेवटच्या जागेपाशी उभी राहिली.

"किती दिस झालं?"

गैबीने फडकं पिळलं. "बेंदराच्या सणाला चार वर्सं हुतील."

"चार वर्सं."

"भाताची पोती घिऊन लक्ष्मीपुरीच्या बाजारात येतोय, बुधवारचा. माल उतरला की हिकडं येतोय."

"आन मला सांगितलं न्हाय."

"शपथ घातली त्येनं. पयल्याच दिवशी. म्हणला, तिला कळलं तर पुन्यांदा या गल्लीत पाय ठेवायचा न्हाय. आत येताना बोलत न्हाय, जाताना बोलत न्हाय. आवाज वळखशील म्हणून."

"म्हणून आरसा नको हुता."

"म्हणून."

ती बाकड्यावर बसली. अकरा वर्षांपूर्वीचा आषाढ. शाहूवाडीकडच्या डोंगरातलं माहेर. अम्मा गेल्याचा निरोप घेऊन माणूस निघाला, पण ओढ्याला पाणी होतं, एसटी बंद. निरोप पोचायला दोन दिवस लागले. शहाजादी भिजत, चिखल तुडवत घरी पोचली तेव्हा अम्माला माती देऊन झाली होती. उंबऱ्यात उभं राहून ती भावाला नाही नाही ते बोलली. "माझ्यासाठी थांबाय आलं न्हाय तुला?" "मयताला किती वाट बघाय लावायची?" तोही बोलून गेला. मग ती म्हणाली होती, तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. आणि तो म्हणाला होता, मग मीही तुझ्या हातचा घास तोंडात घालणार नाही. दारात सगळं गाव उभं होतं. एवढ्या लोकांदेखत बोललेलं परत घ्यायला दोघांनाही जमलं नाही.

"तुमी सांगायचं हुतं," ती म्हणाली. आवाज चढला होता. "चार वर्सं माझ्यापास्नं चार हातांवर माझा भाऊ जेवतोय आन मी पत्र्याला तोंड करून भाकऱ्या थापतीया!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

काय केलं असतं ते दोघांनाही माहीत होतं. पळी हातात घेऊन बाहेर आली असती, भांडली असती, रडली असती, आणि तो उठून गेला असता. आज गेला तसाच.

गैबी तिच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "कुलसुमच्या लग्नातला तांदूळ आठवतोय?"

"त्येचं काय?"

"तू म्हणालीस, असा वास अम्माच्या शिजवण्याला याचा. दोन डाव भात मागून घेतलास. दोन पोती त्येनंच घातलीती." तो फडक्याची घडी घालत राहिला. "तूबी खाल्लंस की त्येच्या घरचं."

शहाजादीने त्याच्याकडे बघितलं, मग आरशाकडे. आरशात नवराबायको रिकाम्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसली होती, लग्नघरात आगंतुक आल्यासारखी.

पुढच्या बुधवारी नबीलाल आला नाही. शहाजादीने सकाळपासून चार वेळा पातेल्यातलं मीठ बघितलं होतं. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. गैबी लक्ष्मीपुरीत जाऊन आला. व्यापाऱ्याच्या दुकानी माल उतरला होता, पण माणूस भेटला नाही. खानावळीला मात्र गर्दी वाढत होती. एवढी की गैबीने आणखी एक बाकडं सांगायचं मनात आणलं. लोक आत डोकावत आणि आत येत. "झकास केलंसा की ओ," असं म्हणत. शहाजादी आरशाकडे बघे. त्यात तोंडंच तोंडं असत, चावणारी, हसणारी, घाम पुसणारी. आणि शेवटच्या जागेवर दर वेळी कुणीतरी दुसरंच.

चौथ्या बुधवारी, सगळे जेवून गेल्यावर, ती म्हणाली, "दस्तगीरभाईंना बोलवा. आरसा काढाय सांगा."

गैबीला आधी वाटलं, चिडून बोलते आहे. "अगं, आता कुठं लोकं याय लागल्यात. तुलाच हवा हुता न्हवं?"

"हुता."

"मग मागचा तेवढा काढू. पुढचा ऱ्हाऊ दे. पुढच्यातनं चूल दिसत न्हाय."

"त्येला रस्त्यावरनं कसं कळंल, कुठला दिसतोय आन कुठला न्हाय? दारातनंच दिसाय पायजे, की आरसा न्हाय."

"खोली पुन्यांदा बोगदा दिसंल."

"दिसू दे."

दस्तगीरने हत्यारांची पिशवी खाली ठेवून नवराबायकोकडे आळीपाळीने पाहिलं. "भाभी, धंदा वाढला म्हंत्यात लोकं. काढायचा कशाला?"

"डोळ्याला त्रास हुतोय," शहाजादी म्हणाली.

आरसे उतरले. भिंत जागच्या जागी परत आली, दुधी रंगावर खिळ्यांची भोकं घेऊन. शहाजादी दारात जाऊन उभी राहिली नाही. ती मागे गेली आणि चूल सारवायला बसली. मग तिथूनच तिने गैबीला हाक मारली.

"लक्ष्मीपुरीत निरोप ठेवा. व्यापाऱ्याकडं. म्हणावं, आरसा फुटला."

"फुटला?"

"फुटला म्हणायचं. मी काढला म्हणायचं न्हाय." तिने सारवणात पुन्हा हात बुडवला. "आन बोलता बोलता सांगा, घरात धूर लई हुतोय. चुलीम्होरं बसलं की बायकोला कायबी दिसत न्हाय."

"त्येनं बघितलंय तुला. तू त्येला बघितलंयस."

"धूर हुता," शहाजादी म्हणाली. "सांगा तेवढं."

त्यानंतरचे दोन बुधवार कोरडे गेले. पोरांनी आरसा कुठे गेला म्हणून विचारलं आणि त्यातली काही समोर जाऊ लागली. एक बाई दारात डोकावून "लई चिंचोळं हाय" म्हणाली आणि पुढे गेली. आतपर्यंत ऐकू आलं. शहाजादी भाकरी थापत राहिली. बाकडी सरकवण्याचं आता तिच्या मनात येत नव्हतं, पण हात स्वस्थ नव्हते. मीठ बघ, झाकण उघड, झाकण लाव, लाकूड आत सार, लाकूड बाहेर ओढ.

तिसऱ्या बुधवारी पावणेदोन वाजता आडोशालगतचं बाकडं करकरलं. थोड्या वेळाने गैबी खिडकीत आला. त्याने कुठलंच नाव घेतलं नाही, हात पुढे केला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्याने नजर दुसरीकडे वळवली.

तिने ताट वाढलं. नेहमीपेक्षा जास्त नाही, कमी नाही. पत्र्याला एका जागी खिळा निसटून भोक पडलं होतं. डोळा लावला असता तर दिसलं असतं. ती चुलीकडे तोंड करून बसली आणि नवा गोळा मळायला घेतला. पलीकडून भाकरी मोडल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चार तुकडे.

दारात कुणीतरी गैबीला हाक मारली आणि तो पुढे गेला.

"रस्सा हाय का?"

आवाज घोगरा झाला होता, वयाने किंवा न वापरल्याने. गैबी दाराशी बोलत होता. हे त्याला विचारलेलं नव्हतं. शहाजादीचा पिठातला हात थांबला. तिने वाटी भरली, खिडकीच्या फळीवर ठेवली आणि बोटाने जरा पुढे सरकवली. फटीतून एक हात आला. बाहीला भाताचं तूस चिकटलं होतं. हाताने वाटी उचलली आणि तो परत गेला.

तव्यावर भाकरी फुगली होती. शहाजादीने ती उतरवली आणि पत्र्याकडे तोंड करून, कुणाही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं,

"भाकरी गरम हाय, पावणं. वाढू का?"

पलीकडे रिकामी वाटी ताटात ठेवल्याचा आवाज आला.

"वाढ की."